ऐकून समजलेले

गेली तीन वर्षे रात्रीचे जेवण आटोपले म्हणजे मी चिनी भाषा शिकतो. ‘शिकतो’ हे क्रियापद मी जरा भीतभीतच वापरतो आहे. माझ्यापुढे पुस्तक नसते, वही नसते, गुरू तर नसतोच. मी खाटेवर पाय पसरून बसतो, मुलीचा जुना टॅब्लेट उशीला टेकवून ठेवतो आणि त्यावर चिनी घरगुती मालिका पाहतो. पात्रे मँडरिन बोलत असतात आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजी सबटायटलच्या ओळी धावत असतात. त्या ओळी मी वाचतो, हसतो, क्वचित डोळेही पुसतो आणि भाग संपला की “आजचा अभ्यास झाला” असे घरात जाहीर करतो. त्यावर आमच्या सौभाग्यवती काही बोलत नाहीत. नुसत्या हसतात. त्या हसण्याने माझ्या मनात एक प्रश्न घातला, आणि तो आजतागायत निघालेला नाही.

दुसऱ्याचे बोलणे मला समजले, असे म्हणण्याचा हक्क मला केव्हा येतो?

आरंभी हा प्रश्न मला भाषेच्या अभ्यासाचा वाटला होता. पुढे पुढे तो नीतीचा प्रश्न आहे असे दिसू लागले. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम ह्या नादाचे मूळ सांगतो. इतिहासाच्या तासाला मी ह्युएनत्संगाबद्दल सांगत होतो. (नव्या पुस्तकांत त्याला युआन श्वांग म्हणतात.) सातव्या शतकात हा चिनी भिक्षू वाळवंटे आणि पर्वत तुडवीत भारतात आला, नालंदेला शीलभद्रांपाशी शिकला आणि पुढे दक्षिणेकडे फिरत आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे वाक्य मी दरवर्षी मोठ्या अभिमानाने सांगत असतो. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, “सर, तो आपल्या लोकांशी बोलला कोणत्या भाषेत?” मी म्हणालो, “संस्कृत शिकला होता तो.” पोरगा म्हणाला, “म्हणजे तो आपली भाषा शिकला. मग त्याची भाषा आपल्यातलं कोण शिकलं?”

तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी वाचलो. पण त्या रात्री कुतूहलाने यूट्यूब उघडले, चिनी बोलणे ऐकू लागलो आणि त्यात गुंतत गेलो.

मला पहिली भेटली ती ‘ज्या यौ अर् न्यू’ नावाची मालिका. नावाचा शब्दशः अर्थ ‘घरी मुलगे-मुली आहेत’ असा. २००५ साली ती चीनमध्ये दाखवली जाऊ लागली. पेइचिंगमधले एक कुटुंब. नवरा-बायको दोघांचाही हा दुसरा संसार. नवऱ्याची पहिली मुलगी आणि मुलगा, बायकोचा पहिला मुलगा, अशी तीन मुले एका छपराखाली आलेली. त्यांची भांडणे, परीक्षा, गुण लपवणे, आईचे ओरडणे हे सगळे इतके ओळखीचे, की हे परदेश आहे हे मधूनमधून स्वतःला बजावावे लागे. चिनी मालिकांची एक मौज अशी की त्यांच्या तळाशी चिनी अक्षरांची ओळही बहुधा असतेच. त्या देशात प्रांतोप्रांतीच्या बोली एकमेकींपासून इतक्या दूर आहेत की एकीचे बोलणे दुसरीला कळू नये. पण लिपी सर्वांची एक. कानाला जे परके वाटते ते डोळ्याला ओळखता येते. त्या चिनी ओळीखाली कुणी इंग्रजी ओळ जोडली की माझ्यासारख्याची सोय होते.

सहा महिन्यांत मला मोठा हुरूप आला. मँडरिनमध्ये एकाच उच्चाराचे चार सूर असतात. ‘मा’ सपाट सुरात म्हटले तर आई, चढत्या सुरात म्हटले तर ताग, आधी उतरून मग चढले तर घोडा आणि धाडकन उतरले तर शिवी देणे. मराठी माणसाला हे अगदीच अपरिचित नाही. आपणही एकच ‘हं’ चार तऱ्हांनी म्हणतो आणि त्यातून विचारतो, होकारतो, दटावतो नि कंटाळतो. फरक एवढाच की आपल्याकडे सुराने भाव बदलतो, तिथे शब्दच बदलतो. आणखी एक शोध लागला. इंग्रजी अक्षरांत ज्या गावाचे नाव ‘बी’ने सुरू होते, त्याचा उच्चार कान देऊन ऐकला तर आपल्या ‘प’ने सुरू होणारा आहे. चिनी भाषेला महत्त्वाचा वाटतो तो ‘प’ आणि त्याच ‘प’च्या महाप्राण उच्चारातला भेद, आणि आपल्या कानाला असे भेद बाराखडीपासून ठाऊक असतात. चाकातला ‘च’ आणि चहातला ‘च’ हेही दोन्ही तिथे जवळपास भेटतात. आणि चहा तर मुळात त्यांचाच शब्द! ह्या सगळ्यामुळे मला वाटू लागले की आपल्याला चिनी समजते.

हा भ्रम माझ्या मुलीने एका संध्याकाळी घालवला. ती मोठ्या माणसासारखी जवळ येऊन बसली आणि वहीच्या कागदाची एक पट्टी फाडून तिने पडद्याच्या तळाशी चिकटवली. “आता सांगा बाबा, काय म्हणाली ती?”

ओळी झाकल्या गेल्या आणि क्षणात सगळे घर परके झाले. तीच आई, तीच तीन मुले, तेच टेबल; पण तोंडातून येत होता तो नुसता पाण्याचा लोट. त्यात एखादा शब्द गोट्यासारखा हाताला लागे आणि निसटे. सहा महिन्यांत मी शेकडो वाक्यांवर हसलो होतो. त्यांतले एकही मी ऐकले नव्हते. मी इंग्रजी वाचले होते आणि ते वाचत असताना कुणीतरी पलीकडे चिनी बोलत होते, इतकेच.

गंमत अशी की ही माझी फजिती नेमकी सांगणारे शब्द चिनी भाषेतच तयार आहेत. तिथे ‘समजणे’ बहुधा एकटे येत नाही. ते कशाच्या वाटेने आले हेही सांगितले जाते. ऐकून समजले तर ‘थिंग-तुंग’, पाहून किंवा वाचून समजले तर ‘खान-तुंग’. ऐकूनही समजत नाही असे सांगायचे तर ‘थिंग-पु-तुंग’. आपण “समजलं” म्हणून मोकळे होतो. चिनी माणूस त्या समजण्याचा पत्ताही देतो. माझे सगळे समजणे वाचून आलेले होते. पण मी ते ऐकून आले म्हणून सांगत सुटलो होतो.

आता कुणी म्हणेल, वाटेने काय होते? अर्थ पोचल्याशी कारण. मलाही असेच वाटत होते. म्हणून मी कागदाची पट्टी लावून एकेक प्रसंग पुन्हा पुन्हा ऐकू लागलो आणि मग पट्टी काढून ओळ वाचू लागलो. तेव्हा कळले की अर्थ पोचतो खरा, पण पुष्कळदा तो वाटेत अंगावरचे कपडे उतरवून पोचतो.

नात्यांचेच पाहा. वडिलांचा थोरला भाऊ ‘पोपो’, धाकटा ‘शूशू’, आईचा भाऊ ‘च्यौच्यौ’, वडिलांची बहीण ‘कूकू’ आणि आईची बहीण ‘यी’ किंवा ‘आयी’. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी ही सगळी मंडळी तिथे आपापल्या पाटावर बसलेली आहेत. पण तळच्या इंग्रजी ओळीत सगळे पुरुष ‘अंकल’ आणि सगळ्या बायका ‘आंट’! मराठी घरात वाढलेल्या मला जो भेद जन्मापासून ठाऊक आहे आणि चिनी मुलालाही जन्मापासून ठाऊक आहे, तो आम्हा दोघांच्या मधे उभ्या असलेल्या तिसऱ्या भाषेने पुसून टाकलेला. ‘आयी’ची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. अनोळखी बाईला चिनी मूल ‘आयी’ म्हणते, आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही ‘आयी’च म्हणतात. आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या बाईंना पोरे काय म्हणतात? मावशी. ज्या दिवशी हे माझ्या कानांनी पकडले त्या दिवशी मी एकटाच मोठ्याने हसलो. तळच्या ओळीत त्याचा मागमूसही नव्हता.

दुसरा शब्द ह्याहून खोल गेला. चिनीत ‘आम्ही’ला ‘वोमन’ म्हणतात. पण पेइचिंगकडच्या बोलीत आणखी एक शब्द आहे, ‘त्सानमन’. ज्याच्याशी आपण बोलतो आहोत त्यालाही आपल्यात धरले म्हणजे ‘त्सानमन’ येते. म्हणजे आपले ‘आपण’! इंग्रजीला हा भेद नाही. तिथे दोन्हींचे एकच. पण मराठी माणसाला सांगायला नको, की “आम्ही जेवतो” आणि “आपण जेवू या” ह्यांत एक अख्खे दार आहे. पहिल्यात ते लागलेले असते, दुसऱ्यात उघडलेले. ज्या घरात तीन मुले दोन वेगळ्या संसारांतून आलेली आहेत, तिथे कोण कुणाला केव्हा ‘आपण’ म्हणतो ह्याला केवढे मोल! मी सहा महिने ती मालिका पाहिली होती आणि त्या दाराचा आवाज एकदाही माझ्या कानी आला नव्हता.

ह्यात ओळी लिहिणाऱ्याचा दोष नाही. त्याला दोन सेकंदांचा वेळ आणि दोन ओळींची जागा. त्याने करावे तरी काय? ही अडचण जुनीच आहे. चौथ्या-पाचव्या शतकात बौद्ध ग्रंथ चिनीत नेणाऱ्या कुमारजीवाने भाषांतराला चावून दुसऱ्याला भरवलेल्या भाताची उपमा दिली होती. खुद्द ह्युएनत्संगाच्या नावावर एक नियम सांगतात. पाच प्रकारचे शब्द भाषांतरित करू नयेत, तसेच्या तसे उचलून घ्यावेत. जे गूढ आहेत, ज्यांना अनेक अर्थ आहेत, ज्यांची वस्तूच आपल्या देशात नाही, जे पूर्वसूरींनी तसेच ठेवले आहेत, आणि ज्यांचा अर्थ सांगितला तर त्यांचा मान कमी होईल. ‘प्रज्ञा’ हा शब्द ह्या शेवटल्या प्रकारातला. चिनीत त्याला ‘शहाणपण’ म्हणता आले असते. पण मग तो हलका झाला असता. म्हणून तो चिनी तोंडात बसेल अशा रूपात तसाच ठेवला. एवढा मोठा भाषांतरकार. पण काही शब्दांपुढे त्याने लेखणी खाली ठेवली. समजावून सांगण्याइतकाच न सांगण्याचाही धर्म असतो, हे त्याला ठाऊक होते.

इथपर्यंत प्रश्न भाषेचाच होता. तो माझ्या अंगावर आला वर्गात.

माझ्या वर्गात तेव्हा एक मुलगा होता. तांड्यावरून येणारा, घरी गोरमाटी बोलणारा. अतिशय नम्र. शिकवून झाले की मी विचारी, “समजलं का?” आणि तो सर्वांच्या आधी म्हणे, “होय सर.” वहीत मात्र काही उतरत नसे. मी मनात त्याच्याखाली एक ओळ लिहून टाकली होती : आळशी आहे. दोन वर्षे मी तीच ओळ वाचत राहिलो. कागदाच्या पट्टीचा धडा मिळाल्यावर एक दिवस मी त्याला बाजूला घेऊन विचारले, “तुला कळत कसं, की आता ‘होय’ म्हणायचं?” तो थोडा वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, तुम्ही बोलायचं थांबवून आमच्याकडं बघता ना, तवा म्हणायचं.”

तो माझा चेहरा वाचत होता. मी त्याचा ‘होय’ वाचत होतो. दोन वर्षे आम्ही एकमेकांच्या तळच्या ओळी वाचत होतो आणि एकमेकांना ऐकत कुणीच नव्हते. त्याचे सोंग क्षम्य होते; तो लहान होता आणि भ्याला होता. माझे नव्हते. शिकवणे हा माझा धंदा आहे, आणि समजले की नाही हे समजून घेणे हाच त्या धंद्याचा अर्धा भाग आहे.

मला वाटते, खरा दोष न समजण्यात नसतो. सगळ्यांचे सगळे कुणाला समजते? दोष समजल्याच्या समाधानात असतो. जो ‘मला कळत नाही’ म्हणतो तो पुन्हा विचारतो, कान देतो, थांबतो. जो ‘कळले’ म्हणतो तो निघून जातो. तळची ओळ वाचली की आपण निघून जातो. सासू सुनेबद्दल, बाप मुलाबद्दल, शहर खेड्याबद्दल अशा किती ओळी लिहून मोकळे झालेले असतात!

आणि देश देशाबद्दल?

हा प्रश्न मी मनाशी केला नव्हता. तो शेजारच्या तात्यांनी केला.

तात्या साठी उलटलेले, पोस्टातून निवृत्त झालेले, फौजी बापाचे पुत्र. वडील पलटणीत शिपाई होते, १९६२च्या लढाईत चिन्यांच्या हाती सापडले आणि १९६३ साली सुटून आले, एवढे आळीत सर्वांना माहीत. त्या महिन्यांबद्दल ते घरात अवाक्षर बोलले नाहीत. तात्या तेव्हा चार वर्षांचे होते. २०२०च्या जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान पडले, तेव्हा तात्यांनी दोन दिवस अन्न घेतले नव्हते, हे मला त्यांच्या घरातून कळले होते.

एकदा ते मला म्हणाले, “मास्तर, राग मानू नका. पण शत्रूची भाषा कशाला शिकताय?”

मी कोटणीसांचे नाव घेतले. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, जखमींच्या उशाशी बसून भाषा शिकला, तिथल्याच क्वो छिंगलानशी त्याने लग्न केले, मुलाचे नाव ‘यिनह्वा’ म्हणजे भारत-चीन असे ठेवले आणि १९४२च्या ९ डिसेंबरला, अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच देह ठेवला. शांतारामबापूंचा चित्रपट तात्यांनीही पाहिलेला होता. ते म्हणाले, “कोटणीस गेले तेव्हा ते आपले शत्रू नव्हते.”

ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी म्हणालो, “शत्रूची भाषा येणं म्हणजे शत्रूचं म्हणणं पटणं नव्हे, तात्या. उलट, तो काय म्हणतो हे दुसऱ्याने लिहिलेल्या ओळीवरून कळण्यापेक्षा आपल्या कानाने कळलेलं बरं.” युक्तिवाद म्हणून हे ठीक होते आणि आजही मला ते खरे वाटते. पण तात्यांनी मान हलवली ती सभ्यपणे. त्या हलवण्यात माझ्या विद्यार्थ्याचा ‘होय सर’ मला ऐकू आला. ह्या वेळी निदान ऐकू तरी आला.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते वर्तमानपत्र परत द्यायला संध्याकाळी आले. मी पट्टी लावून मालिका ऐकत होतो. ते दाराशी टेकून उभे राहिले. पडद्यावर आईने टेबलावर वाडगे मांडले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “छर् फान ल!”

तात्या दचकले. “काय म्हणाली ती?”

मी म्हणालो, “थांबा, मागे घेतो.” प्रसंग मागे घेतला. पुन्हा हाक आली. पट्टी तशीच होती. ओळ कुणालाच दिसत नव्हती, आणि दिसती तरी ती इंग्रजी होती. तात्यांनी टॅब्लेटकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“जेवायला बोलावतेय ना?”

“हो. पण तुम्हाला कसं...”

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्यात जेवायला बोलावताना ‘चिफान’ म्हणतात.”

त्यांच्या घरातली ती हाक मीही वर्षानुवर्षे भिंतीपलीकडून ऐकत आलो होतो. “चला रे, चिफान!” मला तो त्यांच्या गावाकडचा शब्द वाटे. तात्यांना तो पलटणीतला शब्द वाटे, आणि त्यांच्या आईला पंजाबी वाटे. वडील परत आले तेव्हापासून तो घरात होता. पाने मांडली की ते पोरांना त्या शब्दाने हाक मारीत. ते गेले, शब्द राहिला. तात्यांच्या मुलाने तो पुण्याला नेला, आणि आता नातू तो म्हणतो.

‘छर्’ म्हणजे खाणे, ‘फान’ म्हणजे भात, अन्न. दोन्ही मिळून जेवणे. तीन वर्षे खपून मी जे शिकलो होतो त्यातला बहुधा पहिला शब्द. आणि तो ह्या आळीत साठ वर्षे मुक्कामाला होता.

तात्यांनी विचारले, “मास्तर, ह्याचा अर्थ एवढाच? जेवायला चला?”

“एवढाच.”

“दुसरा काही नाही? शिवी नाही, हुकूम नाही?”

“नाही. आई मुलांना म्हणते तेच.”

ते उठले, वर्तमानपत्र तिथेच ठेवून गेले.

मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. त्या रात्री मला झोप आली नाही. मनात भराभर ओळी उमटू लागल्या. तिबेटातली ती छावणी, थंडी, एक तरुण चिनी पहारेकरी, घरची आठवण काढणारा. तो भांडे वाजवून हाक मारतो आणि त्या एका शब्दात दोन शत्रू क्षणभर माणसे होतात. किती सुंदर गोष्ट! दिवाळी अंकाला शोभेल अशी. दुसरी गोष्टही तितकीच सहज उमटत होती : त्या हाकेवर अपमानाने उठणारे, उपाशी, गोठलेले कैदी, आणि घरी आल्यावरही तो शब्द ज्याच्या जिभेवरून जात नाही असा एक बाप.

दोन्ही गोष्टी मीच लिहीत होतो. त्या माणसाने ह्यांतले काहीच सांगितले नव्हते. त्याने फक्त शब्द ठेवला होता. मी त्याखाली तळची ओळ लिहायला बसलो होतो, आणि ती एकदा लिहिली की तात्या, त्यांचा मुलगा, नातू सगळे तीच वाचणार होते. तो शब्द मग कुणालाच ऐकू आला नसता. तेव्हा मला ह्युएनत्संगाचा नियम आठवला आणि मी दिवा मालवला.

पुष्कळ दिवस विचार केल्यावर माझ्या प्रश्नाला मिळालेले उत्तर असे आहे. समजले असे म्हणण्याचा हक्क कष्टाने मिळतो हे अर्धेच खरे. मी तीन वर्षे कष्ट केले. तात्यांनी काहीच केले नव्हते, आणि त्या खोलीत ऐकून समजलेला माणूस एकटा तात्या होता. कारण तो शब्द त्यांना कधी कुणी समजावून दिला नव्हता. तो रोज, वेळेवर, पान मांडून, त्यांना दिला गेला होता. शब्दाबरोबर ताट होते. बापाने अर्थ सांगितला नाही, पण अर्थात एका तिळाचाही फरक पडू दिला नाही. अशा रीतीने आलेला शब्द माणूस चुकूच शकत नाही.

आणि बापाच्या मनात काय होते, ते? ते मला समजलेले नाही. ‘थिंग-पु-तुंग’. हे म्हणताना आता मला लाज वाटत नाही. काही माणसांच्या काही शब्दांपुढे हेच प्रामाणिक उत्तर असते. ते देऊन गप्प बसता येणे ही समजुतीचीच एक पायरी आहे.

तळच्या ओळी मी अजून वाचतो. त्या नसत्या तर मी त्या घराच्या उंबऱ्यापर्यंतही पोचलो नसतो. आमच्या देशातही दूरदर्शनवर चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतल्या ओळी दाखवून लोकांना वाचनाची सवय लावण्याचा उपक्रम झाला; तेव्हा ओळींना नावे ठेवण्याचे पाप मी करणार नाही. फक्त क्रम बदलला आहे. आधी पट्टी लावून ऐकायचे, चुकायचे, पुन्हा ऐकायचे, आणि मग वाचायचे. वर्गातही तसेच चालवतो. “समजलं का?” हा प्रश्न मी सोडून दिला आहे. त्याऐवजी म्हणतो, “काय समजलं ते तुझ्या भाषेत सांग.” गोरमाटी मला चार शब्दांपलीकडे येत नाही. पण तो मुलगा बोलू लागला की आता वेळ लागतो तेवढा लागू देतो.

तात्या पुढे महिनाभर आले नाहीत. मला चुटपुट लागून राहिली. साठ वर्षे घरात सुखाने नांदलेल्या शब्दाचे कूळ मी उघडे केले होते. आता तो शब्द त्या घरातून जाणार, आणि त्याच्याबरोबर तात्यांच्या वडिलांचा आवाजही जाणार, असे वाटत राहिले. भिंतीपलीकडे जेवणाच्या वेळी शांतता असे. सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, “हल्ली त्यांच्याकडं हाक ऐकू येत नाही, नाही?” मी उत्तर दिले नाही.

गेल्या दिवाळीला तात्यांचा मुलगा सहकुटुंब पुण्याहून आला. नरकचतुर्दशीची पहाट होती. अभ्यंगस्नाने झाली होती, अंगणात पणत्या अजून तेवत होत्या, आणि दोन्ही घरांतून चकलीचा वास येत होता. मी पायरीवर बसून चहा घेत होतो. भिंतीपलीकडे पाट मांडल्याचा आवाज झाला. मग थोडी सामसूम. आणि मग तात्यांचा जरासा घोगरा आवाज आला, “चला रे पोरांनो, चिफान!”

पोरे धावली. थोड्या वेळाने तात्या कुंपणाशी आले. हातात फराळाचे ताट होते. ते मला म्हणाले, “मास्तर, आत या. आपण बसू.”